दुपारची पुडी
आई, लेकराला सकाळपासून ताप आहे. आत्ता कुठं मांडीवर झोपलाय, म्हणून एका हाताने लिहितेय. हे कंपनीत गेलेत, सासूबाई माझ्याशी बोलत नायेत. मग बोलू कुणाशी?

तुझा नातू आठ महिन्यांचा झाला. जन्मल्यावर दूध ओकायचा, वाळत चालला होता. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरणीने तेव्हा समजावून सांगितलं, "ताई, किडनीवर टोपीसारखी छोटी ग्रंथी असते. ती एक रस बनवते, स्टेरॉईड. ताप आला, लागलं, घाबरलं की शरीर तो जास्त मागतं. पुरेसा झाला की डोकंच सांगतं, थांब."

मी म्हटलं, "टाकीतल्या बॉलसारखं? भरली की पाणी बंद?"

ती हसली. "अगदी तसंच. तुमच्या बाळाच्या टाकीत पाणीच पुरेसं येत नाही. आपण वरून ओतायचं. दिवसातून तीनदा, जन्मभर. एकही पुडी चुकवायची नाही."

मला तू आठवलीस. मी विचारलं, मोठं माणूस वर्षानुवर्षं या स्टेरॉईडच्या गोळ्या घेत असलं आणि एकदम बंद केल्या तर? ती म्हणाली, "बाहेरून मिळतंय म्हटल्यावर ग्रंथी झोपून जाते. ती लगेच उठत नाही. माणूस जाऊ शकतो. का, घरात कुणी घेत होतं?"

मी नाय म्हणाले.

अजून डोळ्यांसमोर तू तशीच पंचवटीच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या लावून बसलीयस. दम्याच्या गोळ्यांनी तोंड चंद्रासारखं गोल झालंय. शेजारची भाजीवाली ओरडते, "अगं, लेकीचं लग्न आणि तेज तुझ्याच तोंडावर!" तू हसतेस. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होतं. हळदीच्या आधी आठ दिवस तू पोळ्या लाटत होतीस. मी म्हणाले, "आई, लग्नापर्यंत त्या गोळ्या बंद कर ना. फोटोत कसं दिसेल?" तुझं लाटणं थांबलं नाय. "करते बाई. तुझा फोटो नको खराब व्हायला."

लग्नात तुला उलट्या होत होत्या, चक्कर येत होती. सगळे म्हणाले, लेक जाणार म्हणून जीव कासावीस होतोय. फोटोत तू खुर्ची धरून उभी आहेस आणि तोंड तसंच गोल आहे. तिसऱ्या दिवशी मांडवपरतणीला दादा मला न्यायला येणार होता. तो आला नाय, त्याचा फोन आला. दम्याने गेली, असं सगळे म्हणाले. मी पण तेच म्हणते.

आज ताप बघून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा जिवाला कसलं विष घालतेस? ताप उतरेपर्यंत बंद ठेव." डॉक्टरणीला फोन केला, ती म्हणाली दुप्पट द्या, उलटी झाली तर तडक घेऊन या. मी दोन पुड्या पाण्यात कालवल्या. सासूबाई म्हणाल्या, "तूच मारशील त्याला," आणि देवासमोर जाऊन बसल्या. चमचा त्याच्या ओठाला लावला आणि थेंब न थेंब पाजला. आई, तुझ्यावेळी बंद कर म्हणताना मी कुणा डॉक्टरला विचारलं नव्हतं.

त्याने उलटी केली नाय. आता कपाळाला घाम सुटलाय, अंग जरा निवलंय.

हा कागद पुड्यांच्या डब्यात तळाशी ठेवते. सासूबाईंना वाचता येत नाय.

एक राहिलं. परवा शेजारीण याला बघून म्हणाली, "काय गं, गाल किती फुगलेत!" मला तुझंच तोंड दिसलं. त्या दुपारची पुडी मी त्याला दिली नाय. माझ्या गाऊनच्या खिशात आहे अजून. आज डॉक्टरणीने फोनवर विचारलं, एखादी चुकली का? तेव्हापण मी नाय म्हणाले.