सौरपंपवाल्यांपुढे सूर्य विझला

वडवणी

ती. मन्मथआप्पांच्या चरणी मृत्युंजयचा शरणार्थ.

पावसाळी हवेनं आपले गुडघे धरले असतील; वहिनींनी शेक चालू ठेवावा. इकडे आम्ही सर्व ठीक आहोत. म्हणजे तुमची बहीण शिवम्मा माझ्याशी बोलत नाही आणि मला जेवण जात नाही, बाकी ठीक.

झालं असं, की रविवारी आष्टीचे सुंदरराव मुलाला घेऊन आपल्या लेकीला, प्रणिताला, बघायला आले होते. मुलाचं, युवराजचं, सौरपंपांचं दुकान आहे. मुलगा शांत, कपाळी विभूती, नाव ठेवायला जागा नाही. (मी बरीच शोधली.) सुंदररावांनी सहज विचारलं, "बीएस्सीला काय शिकलीस, बाई?" ती म्हणाली, सूर्य जळतो कसा ते. इथं विषय संपायला हवा होता. पण सकाळी लिंगपूजेला बसलो की खिडकीतून जे ऊन माझ्या हातावर पडतं, त्याविषयी तिनं मला समजावलेलं सगळं मी पाहुण्यांना सांगत सुटलो. सूर्यात लाकूड नाही, तेल नाही. पोटात दाब आणि ताप एवढा, की हायड्रोजनचे चार कण मिळून हेलियमचा एक होतो. तो एक त्या चौघांपेक्षा किंचित हलका भरतो, आणि जे वजन हरवलं त्याचाच उजेड होतो. (आमच्या किराण्यात तुटीला चोरी म्हणतात, तिथं ऊन म्हणतात.) दर सेकंदाला चाळीस लाख टनांची तूट! युवराजनं विचारलं, "मग माल संपत न्हाई का?" मी म्हणालो, "संपतो की. सूर्य विझणार."

खोलीत कुणी चिवडा चावेना. सुंदरराव म्हणाले, "सौरपंपवाल्याच्या तोंडावर असं का बोलता, पाव्हणं? पोरगी द्यायची न्हाई तर सरळ सांगा की!" विझायला अजून पाचशे कोटी वर्षं आहेत, हे सांगायला प्रणितानं तोंड उघडलं, तेवढ्यात मी तिला पाणी आणायला पाठवलं. (मला ठसका लागला होता असा शिवम्माचा समज आहे. तो तसाच राहू द्या.) पाणी येईपर्यंत पाहुण्यांची गाडी सुरू झाली होती.

तेव्हापासून मन लागत नाही. सूर्याचा भार त्याला आत दाबतो आणि आतली आच बाहेर रेटते, म्हणून तो उभा राहतो, असं प्रणिता सांगते. ती गेली की आमच्या घरात नुसता भार उरेल.

आपला,
मृत्युंजय

ता. क. सुंदररावांचा निरोप आला. कुणीतरी त्यांना वर्षांचा आकडा सांगितला. म्हणतात, "पंपाला आमी पाचच वर्षांची गॅरंटी देतो, लई झालं. बोलणी पुढं चालवू." शिवम्मा आनंदात आहे.

ता. क. २. प्रणिताला पुण्यात एमएस्सीला जागा मिळाली आहे, हॉस्टेल नाही. शिवम्माला हे ठाऊक नाही. दोन वर्षं तिला आपल्या पुण्याच्या घरी ठेवून घ्याल का? होकार असेल तर थेट तिलाच कळवा. मला फोन करू नका. माझा आवाज ऐकलात तर तिला परत पाठवाल.