मागच्या चाकातली हवा

रांझी, जबलपूर

प्रिय आईस श्रीरंगचा नमस्कार.

फोनवर बोललो असतो, पण घरमालकीण सत्यवतीकाकू दाराआडून ऐकतात, म्हणून लिहून राहिलो.

मी मजेत आहे. रविवारी बरगीकडच्या टेकड्यांतून दिवसभराची सायकल शर्यत आहे. फॅक्टरीतून आलो की रोज सराव करतो. थंडी कडक आहे, पण दम्याचं नाव नाही. थोडा खोकला आहे, तो धुळीचा.

एकच भानगड आहे. रोज सकाळी मागच्या चाकात हवा नसते. पंक्चर नाही, काटा नाही. मला वाटलं, माझ्या खोलीतला दिवाकरच सोडत असेल. तोही शर्यतीत आहे. मी त्याला नाही नाही ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "भैया, हरवायचं असेल तर चढावर हरवीन." तेव्हापासून बोलणं बंद.

काल हवा भरताना व्हॉल्व्हच्या टोपणावर हळदीचं बोट उमटलेलं दिसलं. दिवाकर तर चहासुद्धा करत नाही. काकूंना विचारलं, तर भडकल्या. "मी काहून सोडू तुझी हवा? थंडीत छाती भरते तुझी, ते पाहा आधी!"

आई, माझ्या छातीचं इथं मी कोणालाच सांगितलं नाही.

तू सांडग्यांचा डबा पाठवला, तेव्हा काकूंशी फोनवर काय बोलली होतीस? धाकट्या बेबीला विचारू का? ती खरं सांगेल.

तुझे गुडघे कसे आहेत? स्वेटर घालीन, शपथ. पण काकूंना आता हवा सोडणं पुरे म्हण. दिवाकरची माफी मला मागायची आहे.

तुझ्यावर पहिल्यांदाच संशय घेणारा,
श्रीरंग