अर्थ काढ आणि नीट लाव

मुक्काम घरगाडी, धरणाच्या कडेला
दि. ३ नोव्हेंबर

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

फोन उचलत नाही म्हणून चिडला असशील. चिडून घे. फोनवर तू नुसता ओरडतोस, पत्रात तेवढा माणसासारखा बोलतोस. पायाचं प्लास्टर कधी काढणार? वायरिंगचं दुकान बंद ठेवून घरी बसलास म्हणजे तुझ्या बायकोची काही खैर नाही, बिचारी.

मी लेकीकडे निघाले आहे, घाटापलीकडे. हे हयात असताना ठरलेला प्रवास, आता एकटीने करते. गाडी झकास चालते, पण पुढचे दिवे पार मेलेत. लागतात, पण चहात बुडवून काढल्यासारखा उजेड पडतो. घाट उतरायचा म्हणजे हे चालायचं नाही. शाळेत मी भाषा शिकवली, दिव्यांचं शास्त्र नाही, तेव्हा काय करायचं ते तू सांग.

आणि एक गंमत. पुढचे दिवे लावले की मागे ह्यांच्या बिछान्यावरचा वाचायचा दिवा आपोआप लागतो. बटण बंद असतं, मी दहादा पाहिलं. मिणमिणता, निखाऱ्यासारखा लाल. पुढचे घालवले की तोही जातो. माझं ड्रायव्हिंग बघवत नाही म्हणून हे कायम मागे पाय पसरून वाचत पडायचे, तुला माहीत आहेच. हे जाऊन आता वर्ष होईल. काल तिन्हीसांजेला आरशात तो लाल ठिपका दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की अहो, डोळे बिघडतील. मग एकटीच हसले. हसू काही फार वेळ टिकलं नाही.

पुढच्या गावच्या पोस्टात माझ्या नावाने पत्र ठेवायला सांग. लोभ आहेच, त्यात काटकसर करू नकोस.

तुझी ताई


दि. ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि घरात शांतता झाली, असं तुझी भावजय म्हणते. प्लास्टर अजून महिनाभर तरी आहे. नाहीतर पाना घेऊन मीच आलो असतो.

आधी दिव्यांच्या काचा बघ. उन्हाने पिवळ्या पडल्या असतील तर पॉलिश करून घे, निम्मं काम तिथेच होतं. मग गाडी चालू ठेवून, दिवे लावून, बल्बपाशी व्होल्टेज मोजून घे. दिवे बंद ठेवून मोजलंस तर सगळं ठीकच दिसेल आणि तू फसशील. कोणी म्हणेल जास्त वॅटचे बल्ब घाला, तर अजिबात ऐकू नकोस, वायर जळेल.

पण मला वाटतं ह्यातलं काहीच नाही. दिवे मंद होणं आणि मागचा दिवा लागणं, दोन्हींच्या मागे एकच अर्थ आहे. तेव्हा शांतपणे बसून आधी अर्थ काढ, स्वच्छ कर आणि नीट लाव. भाऊजींनी मागचं वायरिंग स्वतः केलं होतं, म्हणून तर मला खात्रीच आहे.

तब्येतीला जप. मुलांचे नमस्कार. तुझी माया अशीच राहू दे.

तुझा ठिणगी


मुक्काम घरगाडी, गिरणीमागचं मैदान
दि. १७ नोव्हेंबर

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

काचा पॉलिश केल्या. लख्ख झाल्या, उजेड तसाच. पण त्याचं आता काही वाटत नाही. तुझं पत्र वाचून मी गाडीच्या पायरीवर किती वेळ बसून होते कुणास ठाऊक. जन्मभर पोरांच्या मागे लागले, की शब्द वाचू नका, अर्थ काढा. आणि मला ते सांगायला तू, भाषेत काठावर पास होणारा! दोन्हींच्या मागे एकच अर्थ आहे. बाळा, किती नेमकं लिहिलंस रे.

तू म्हणालास तसं शांतपणे बसून अर्थ काढला. ह्यांना वाचायला उजेड हवाय, आणि तो ते माझ्यातून घेतात. म्हणून माझा कमी पडतो. मग मी त्यांचं अर्धवट राहिलेलं पुस्तक त्या दिव्याखाली उघडं ठेवलं. मुक्कामाला पोचून पाहिलं तर पान उलटलेलं. गाडी हलते, पान उलटतं, एवढी अक्कल मला आहे. पण धक्क्याने पान मागेही जायला हवं की नाही? हे फक्त पुढेच जातं.

दिवसा दिवे लावून पाहिले, पण उन्हात तो उजेड दिसतच नाही. म्हणून मी आता दुपारभर झोपते आणि दिवेलागणीलाच निघते. हे म्हणतात, घाई करू नकोस, सावकाश चल. लेकीला कळवलंय की उशीर होईल. तिला बाकीचं काही सांगू नकोस, उगाच डोळ्यांत पाणी आणेल.

तुझ्यावरचा राग केव्हाच गेला. लोभ दुप्पट समज.

तुझी ताई


दि. २२ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अगं ताई, अर्थ म्हणजे अर्थिंग! आम्ही दुकानात दिवसभर तसंच म्हणतो, अर्थ काढ, अर्थ लाव. माझ्या डोक्यातही आलं नाही की तू ते असं वाचशील. पत्र हातात घेऊन आधी हसलो. मग पुन्हा वाचलं आणि अंगावर काटा आला.

नीट ऐक. करंट बल्बमधून गेला की त्याला बॅटरीकडे परत जावं लागतं. तुझ्या घरगाडीची बॉडी फायबरची, तिच्यातून करंट जात नाही. म्हणून परतीची वायर एका बोल्टने खालच्या लोखंडाला आवळलेली असते, तोच अर्थ. तो बोल्ट गंजला की करंटला घरी जायला वाट मिळत नाही. मग तो सापडेल त्या आडवाटेने जातो. तुझ्याकडे ती आडवाट भाऊजींच्या दिव्यातून जाते, कारण त्यांनी दोन्हींच्या वायरी एकत्र पिळून ठेवल्या आहेत. एवढंच आहे. डाव्या दिव्याच्या मागे खाली तो बोल्ट दिसेल. बॅटरीची वायर सोडवून बोल्ट काढ, सँडपेपरने लोखंड चमकेपर्यंत घास, घट्ट आवळ.

आणि ताई, तू लिहिलंस, ‘हे म्हणतात’. तू व्याकरणात माझे कान पिळलेस, म्हणून विचारतो. ‘म्हणायचे’ असं नको होतं का लिहायला? मला भीती वाटते गं. संध्याकाळी गाडी काढू नकोस. बोल्ट घासल्याशिवाय घाटात पाऊल टाकू नकोस, तुला माझी शपथ आहे.

तुझ्या मायेचा भुकेला,
ठिणगी


मुक्काम घरगाडी, घाटाच्या पायथ्याशी
दि. २९ नोव्हेंबर

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

शपथ मोडली. बोल्ट सापडला, गंजून तपकिरी झालाय. पाना लावला आणि काढून घेतला. मन होईना.

काल अंधारून येताना एक बाई सायकल हातात धरून रस्त्याच्या कडेने येत होती. मला दिसलीच नाही. ब्रेक दाबला तेव्हा तिचा हात बॉनेटवर होता. ती म्हणाली, केव्हाची हात करतेय, तुम्ही समोर बघतच नव्हता. खरं होतं. मी आरशात बघत होते.

तिला पाणी दिलं, पायरीवर बसवलं. तिच्या घरी लहान मूल वाट बघत होतं. सावरून निघाली आणि मागच्या खिडकीपाशी थबकली. मला म्हणाली, आत जे वाचत बसलेत त्यांना फार धक्का नाही ना बसला? मी नाही म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

मला एवढंच सांग, पुढचे दिवे लख्ख करून मागचा तसाच ठेवता येईल का? तू नाही म्हणू नकोस रे.

तुझी ताई


दि. ४ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

येईल. खोटं बोलणार नाही, अगदी सोपं काम आहे. पुढच्या दिव्यांच्या बटणावरून एक वायर मागे नेली की झालं. कोणताही वायरमन चहा थंड व्हायच्या आत करून देईल. पण मग तो दिवा तू लावलेला असेल, ताई. त्यांनी नाही. तुला ते चालेल का, हे तू ठरव.

त्या बाईने काय पाहिलं ते मला माहीत नाही. पण ती बाई त्या दिवशी मेली असती. आज ना उद्या कोणीतरी मरेल, नाहीतर तू. भाऊजी गेले तेव्हा मी तुला धरून उभा होतो. तू गेलीस तर मला धरायला कोण आहे? एकच बहीण आहे मला. बोल्ट घास.

तुझा भाऊ


मुक्काम घरगाडी, घाटाच्या पायथ्याशी
दि. १० डिसेंबर

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

वायर नको म्हटलं. बोल्ट घासला. हात काळे झाले, नखं मोडली, पण लोखंड चमकलं. पुन्हा आवळताना मी मोठ्याने रडले. आसपास कोणी नव्हतं म्हणून लाज वाटली नाही.

झाकड पडल्यावर गाडी चालू केली आणि दिवे लावले. काय उजेड पडला म्हणून सांगू! वळणावरची पाटी गाडीतून वाचता आली, कडेचा दगड न् दगड दिसला. आरशात पाहिलं. मागे अंधार.

दिवे चालूच ठेवून मी मागे गेले आणि ह्यांच्या बिछान्याच्या कडेला बसले. हात टेकला तर गादी गरम होती. तू म्हणशील दिव्याची ऊब. दिवा संध्याकाळपासून लागलाच नव्हता, आणि ऊब उशाकडे नव्हती, मधोमध होती, माणूस नुकता उठून गेल्यावर असते तशी. मी हात उचलला नाही. ती माझ्या तळव्याखाली हळूहळू निवत गेली, पार गार होईपर्यंत मी बसून राहिले.

मग पुढे आले आणि गाडी घाटात घातली.

आम्हा दोघांचा नव्हे, माझा एकटीचा लोभ. त्यावर भागव.

तुझी ताई