कोरड्या ओढ्यातली सॅमन

बर्नाबी, कॅनडा. ऑक्टोबर, मंगळवार संध्याकाळ

गणपतीला पुण्याला जायचं होतं, म्हणून बांधकामाआधीची ओढ्यातल्या माशांची पाहणी मी ऑगस्टमध्येच उरकली. पाणी आटलेलं होतं. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'मासे आढळले नाहीत.' खोटं कुठे होतं? सॅमन मासे समुद्रातून अंडी घालायला ऑक्टोबरात ओढ्यात येतात, हे मात्र मला पक्कं ठाऊक होतं.

आज गेले तर कॉन्डोच्या, म्हणजे फ्लॅटच्या इमारतींच्या, रस्त्यासाठी ओढा बुजवलेला, आणि पावसाच्या पाण्यातून वर आलेली सॅमनची एक मादी खडीच्या ढिगावर तोंड आपटत होती. सोलवटून पांढरं पडलेलं तोंड. साइट मॅनेजर देशपांडे हसून म्हणाले, "अगं, तुझ्याच रिपोर्टमध्ये मासे नव्हते ना?"

मी सवयीने वहीत लिहिलं, 'मासा आढळला.' तिचं ते पांढरं तोंड हलायचं थांबेपर्यंत उभी राहिले. मग ओळ खोडली.