डाव्या हाताचं काय करायचं

२३ जानेवारी

कुरामोचीबाई आज पियानोशेजारी येऊन उभ्या राहिल्या. मुलं सशासारख्या उड्या मारत होती, मी वाजवत होते. म्हणाल्या, "चिगुसा-सेन्सेई, तुमचा उजवा हात ससा वाजवतो, हत्ती वाजवतो. डावा मात्र बारा महिने एकच." मुख्याध्यापिका आहेत, बोलणारच. पण पुढे म्हणाल्या, एप्रिलपासून, नव्या वर्षाला, गाणी वाजवणारं मशीन आणायचा विचार आहे. बटण दाबलं की ससा, बटण दाबलं की हत्ती. "अजून ठरलं नाही. निरोप समारंभात तुमचं वाजवणं ऐकते, मग बघू."

बावीस वर्षं या बालवाडीत वाजवतेय. डावा हात तेच सूर घोळवतो, डो-सो-मी-सो, डो-सो-मी-सो. खरंच आहे त्यांचं. पण दुसरं काय करायचं असतं?

२४ जानेवारी

समारंभाची पहिली तालीम. तेवीस मुलं. नाव पुकारलं की दारापासून स्टेजपर्यंत चालत जायचं, प्रमाणपत्र घ्यायचं. कोण किती वेळ लावेल याचा नेम नसतो, म्हणून बसवलेलं काही वाजवत नाही – मूल पोचेपर्यंत मनाने वाजवत राहायचं. सगळी नीट चालली. वाकाना तर नाकासमोर.

२९ जानेवारी

वाकानाला न्यायला तिचे आजोबा येतात, नेझू-सान. चाळीस वर्षं गरम झऱ्याच्या हॉटेलात पियानो वाजवला. लाज गिळून त्यांनाच विचारलं.

"सेन्सेई, तुमचा डावा हात घाण्याला जुंपलाय," म्हणाले. "आधी सोडा त्याला. दर वेळी डोवरूनच का सुरुवात? घरात शिरायला एकच दार असतं का?"

माझ्या घराला एकच दार आहे.

५ फेब्रुवारी

मुलं घरी गेली की नेझू-सान अर्धा तास थांबतात. वाकाना पियानोला पाठ लावून बसते, संत्र्याच्या सालीचे तुकडे करत.

आज म्हणाले, डावा चालू द्या, एकेक सूर, जिना उतरल्यासारखा. उतरले. मग म्हणाले, फार चालतोय, बसवा त्याला. बसवला. तर म्हणे, झोपवू नका! माणूस मला शिकवतोय की माझी फिरकी घेतोय?

७ फेब्रुवारी

डोपासून दहाव्या सुरापर्यंत बोटं ताणायची. माझा हात पोचत नाही. "मग एकामागून एक वाजवा, कोण मोजायला बसलंय?" वाजवलं. बरं वाटलं कानाला. का बरं वाटलं ते कळलं नाही. पुन्हा वाजवायला गेले तर जमलं नाही.

१३ फेब्रुवारी

फजिती. मुलं सशासारखी पळत होती आणि मी डाव्या हाताला नवीन दारातून आत न्यायचा प्रयत्न करत होते. हात भटकत भटकत नमस्काराच्या तीन कॉर्डवर, म्हणजे एकदम दाबायच्या सुरांच्या तीन जुड्यांवर, जाऊन पडला – पहिलीला सावधान, दुसरीला वाका, तिसरीला सरळ. झालं! तेवीसच्या तेवीस मुलं पळता पळता थांबली आणि कमरेत वाकली. मागून येणारा सोता नावाचा पोरगा पुढच्याच्या पाठीवर आदळला. नाकातून रक्त.

त्यांचा काय दोष? पहिल्या आठवड्यात मीच शिकवते. मला माझ्या बालवाडीत शिकवलं, माझ्या आईला तिच्या. त्या तीन कॉर्ड ऐकल्या की आम्हा कोणाचीच कमर ऐकत नाही. नाक पुसायला धावण्याआधी कुरामोचीबाईसुद्धा दारात अर्ध्या वाकल्याच होत्या. सरळ झाल्यावर माझ्याकडे बघितलं.

२० फेब्रुवारी

दुसरी तालीम. या वेळी डाव्यात सगळं घातलं – जिना, दहावा, सगळं. वाकाना हॉलच्या मधोमध थांबली. रडली नाही, काही नाही. बुटांकडे बघत उभी. मी वाजवत राहिले, वाजवत राहिले. शेवटी कुरामोचीबाई हाताला धरून घेऊन गेल्या.

१ मार्च

परवाच्या मुलींच्या सणासाठी बाहुल्या मांडल्या. दुपारी तिसरी तालीम. वाकाना परत तिथेच थांबली. तिच्या आईला फोन केला. घरी अगदी मजेत असते म्हणे. घाबरत असेल, दुसरं काय.

मग कुरामोचीबाईंनी नमुन्याचं मशीन आणलं. "एकदा याच्यावर बघू." बटण दाबलं. वाकाना सरळ चालत गेली, प्रमाणपत्र घेतलं, परत आली.

मशीनचा डावा हात म्हणजे माझंच जुनं डो-सो-मी-सो.

४ मार्च

नेझू-सानना सांगितलं. टोपी फिरवत बसले. म्हणाले, "वाकानाचं मला कळत नाही. डाव्या हाताचं कळतं. आता त्याला गप्प बसायला शिकवा. गप्प बसला की लोक कान देतात."

लोकांचे कान काय करायचेत मला? पोरीचे पाय हलायला हवेत! डावाच गप्प बसला तर ती चालेल कशावर?

१५ मार्च

उद्या जुनं वाजवू की नवं? जुनं वाजवलं तर मशीन येणार. नवं वाजवलं तर वाकाना अडकणार, म्हणजे मशीन येणारच. काही कळत नाही.

१६ मार्च

झाला एकदाचा समारंभ. जसं झालं तसं लिहिते.

जुनंच वाजवायचं ठरवून बसले होते. पोरीचा दिवस आहे, माझा नाही. पाच-सहा मुलं डो-सो-मी-सोवर गेलीही. मग सोताचं नाव आलं. नाकाची आठवण होऊन हसू आलं आणि डावा हात निसटला. जिना उतरला, मधल्याच दारातून आत आला. परत आणायचा प्रयत्न केला, आला नाही. खरं सांगू? आणावासाही वाटला नाही. इतकं छान मी कधीच वाजवलं नव्हतं.

एकोणिसावं नाव वाकानाचं. मधोमध थांबली.

आया बघतायत, बाप मोबाइल धरून उभे, स्टेजवर कुरामोचीबाई दोन्ही हातांत प्रमाणपत्र धरून. जेवढं येत होतं तेवढं सगळं वाजवलं. दोन मिनिटं झाली असतील. आता डाव्यात काही उरलंच नाही, म्हणून तो गप्प बसला. नुसता उजवा. मग तोही अडखळला. आणि काही म्हणजे काही सुचेना तेव्हा बोटं आपली आपण गेली – त्या तीन कॉर्डवर.

सगळा हॉल वाकला. मुलं वाकली, आया वाकल्या, मोबाइल वाकले, कुरामोचीबाई प्रमाणपत्रासकट वाकल्या. मागच्या रांगेत नेझू-सानही. दोनशे माणसांत सरळ मान फक्त दोघींची – माझी आणि तिची.

तिने माझ्याकडे बघितलं आणि चालत गेली. दुसरीवर माझी बोटं तशीच दाबून राहिली होती; तिसरीला लोक सरळ झाले तेव्हा ती स्टेजवर पोचली होती. कोणाच्या नजरा नव्हत्या म्हणून धीर आला असेल. मी मुद्दाम केलं का? नाही. घरी येऊन रडले मात्र मुद्दाम.

१८ मार्च

कुरामोचीबाईंनी बोलावलं. "तुमच्या वाजवण्यानेच ती अडकते, हे मी दोनदा बघितलं होतं. परवा तिसऱ्यांदा. पण उद्या दुसऱ्याच कारणाने एखादं मूल अडकलं तर मशीन वाजून संपून जाईल आणि ते तिथेच उभं राहील, हेही खरं. मलाच कळत नाहीये, सेन्सेई. मशीनचा कागद सहीविना पडलाय."

म्हणजे चांगलं झालं की वाईट? मी चहा पिऊन बाहेर आले.

२२ मार्च

वाकानाचा शेवटचा दिवस. बुटांची पिशवी न्यायला आजोबांबरोबर आली होती. मी तिला विचारलं, मध्येच का थांबायचीस गं, भीती वाटायची?

"नाही. पुढे काय येणार ते ऐकत होते. चालताना माझ्या बुटांचा आवाज येतो."

"मग त्या दिवशी गेलीस कशी?"

"नमस्कार झाला ना. म्हणजे संपलं."

नेझू-सान टोपी घालायला निघाले होते. हात तसाच राहिला. म्हणाले, "चाळीस वर्षं वाजवलं त्या हॉटेलात. माणसं स्नानाला जायची, यायची. चालता चालता कोणी थांबलं नाही."