धुराच्या दोन्ही काठांवरून

ओरेगॉन, अमेरिका
१९ ऑगस्ट २०२४

ती. आईच्या पायांवर पंकजाचे डोके. वि. वि. आम्ही तिघं बरे आहोत, तिकडची खुशाली कळव.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि आप्पा तुला अर्धंच सांगतात, म्हणून लिहूनच पाठवते. तू टीव्हीवर पाहिलंस ते खरं आहे. डोंगरापलीकडच्या जंगलात वणवा लागलाय. आग लांब आहे, पण धूर रोज घरी येतो. भर दुपारी सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा दिसतो, त्याच्याकडे खुशाल बघत बसावं. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्यात. ह्यांनी पंख्याला हवा गाळायच्या जाळ्या बांधल्यात, तो दिवसभर घुरघुरतो. सकाळी उठल्यावर आधी हवेचा आकडा बघायचा, मग सृष्टीला बाहेर खेळू द्यायचं की नाही ते ठरवायचं. तिला दम लागतो, म्हणून जीव टांगणीला असतो.

दाराशी बॅग भरून ठेवलीय. त्यात कागदपत्रं, सृष्टीचा दम्याचा पंप, कपडे आणि तू दिलेला येसर मसाल्याचा डबा. तो जळाला तर आमटी कशाची करू? वृद्धाश्रमातलं माझं स्वयंपाकाचं काम चालू आहे. तिथल्या आजीआजोबांना आता आपल्या वरणाची चटक लागलीय.

आप्पांना नमस्कार. माया आहेच, ती अशीच असू दे.
तुझी पंकजा


पेडगाव, जि. परभणी
८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. पंकजास आईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. बरे आहोत म्हणून लिहितीस अन बॅग भरून दाराशी ठेवतीस, मी काय येडी हाय का? आमाला धूर नवा न्हाई. ऊस तुटला की पाचट पेटवतेत, वाळत घातलेल्या लुगड्यावर काजळी पडती, शाळेतली पोरं हप्ताभर खोकत बसतेत. पण आपली आग सांजच्याला इझती. तुमची म्हैना झाला तरी इझना, हे कसलं जंगल म्हणावं!

जावयाला म्हणावं, पोरीला घेऊन थोडे दिवस हिकडं या. तुझे आप्पा रोज बातम्या लावून बसायलेत. मनिषा तुझी लय आठवण काढती. भावजय असून सख्ख्या बहिणीवानी हाय बघ.

पत्राला उशीर करू नको. जीव लावतीस तसाच लावत ऱ्हा.
तुझी आई, पार्वती


ओरेगॉन
२६ सप्टेंबर २०२४

ती. आईस साष्टांग दंडवत. आधी हे वाच की आम्ही सगळे सुखरूप आहोत. मग पुढचं वाच.

गेल्या आठवड्यात वारा फिरला आणि वणवा डोंगर उतरून खाली आला. गाव सोडायचा हुकूम निघाला. हे सृष्टीला शाळेतून घेऊन परस्पर पुढच्या गावी गेले. मी वृद्धाश्रमात होते. आश्रमाची छोटी बस दारात उभी होती, पण तिचा चालक बंद रस्त्यापलीकडे अडकला. दुसरी गाडी यायला वेळ लागेल असं कळलं, आणि माथ्यावर तर ज्वाळा दिसायला लागल्या होत्या. व्यवस्थापकबाईंनी विचारलं, मोठी गाडी कुणाला चालवता येते का. मग मी हात वर केला.

आई, इथे आल्यापासून किराणा दुकानापलीकडे मी गाडी नेलेली नाही, भीती वाटायची. पण लग्नाआधी उसानं भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली चिखलातून मीच काढत होते ना? आप्पा बांधावरून ओरडायचे, लोक काय म्हणतील, खाली उतर. तेच आठवलं आणि चावी घेतली.

डोरोथी नावाच्या आजी खुर्चीतून उठेनात. म्हणाल्या, माझं जगून झालं, तुम्ही जा. मला इंग्रजी सुचेना. त्यांचा हात धरून मराठीतच खडसावलं की आधी उठा, मग काय ते बोला. त्या मुकाट्यानं उठल्या. नंतर सांगत होत्या, शब्द एक कळला नाही, पण आई रागावल्यासारखी वाटली.

रस्त्यावर राख पडत होती. पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत. एका वळणावर दोन्हीकडची झाडं पेटलेली, काच तर हात लावला की चटका बसेल इतकी गरम. मी मोठमोठ्यानं आरत्या म्हणत होते, मागून कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला. पुढच्या गावच्या शाळेत पोचलो तेव्हा एकेकाला हात देऊन उतरवलं. एकही माणूस मागे राहिला नाही, आई! सृष्टी धावत येऊन बिलगली, तेव्हा कुठे मला रडू आलं.

आमचं घर वाचलं. आश्रमाची मागची बाजू जळाली, ती पुन्हा बांधणार आहेत. आणि मला बसचा परवाना काढून देणार आहेत.

तुझ्या आशीर्वादाची सावली राहू दे.
तुझी पंकजा


पेडगाव
१४ जानेवारी २०२५

चि. सौ. पंकजास आईचे अनेक आशीर्वाद. संक्रांतीचा तिळगूळ हितूनच घे.

ऊसतोडीच्या घाईत उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आलं तवा मनिषानं मोठ्यानं वाचलं. तुझे आप्पा उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी ताडकळसच्या बाजारात जो भेटल त्याला सांगायलेत म्हणे, माझ्या लेकीनं आगीतून बस काढली. खाली उतर म्हणून वरडले होते ते मातर कुणाला सांगत न्हाईत!

आता माझी खबर ऐक. शाळेला लागून सितारामचा ऊस हाय. तोड झाली अन तो पाचट पेटवायला निघाला. त्याच हप्त्यात शाळेवर पोरींचे खो-खोचे सामने ठेवलेले. मला तुझी सृष्टी आठवली. मी जाऊन पाचटातच बसले. मनिषा आली, तिच्या बचत गटातल्या बाया आल्या. सिताराम लय चिडला. म्हणला, सगळे जाळतेत, मलाच का आडवता? मी म्हणलं, तुझ्यापासून सुरुवात करायची म्हणून. जाळू नको, त्याची कुट्टी कर, यंत्र बाया आणून देतेत. दुपार झाली तरी आमी उठना म्हणल्यावर त्यानं काडेपेटी खिशात घातली.

यंत्र फिरलं, पाचट बारीक होऊन सरीत पडलं. बघायला ही गर्दी! ज्यांची तोड ऱ्हायली होती त्यांनी तिथंच यंत्र सांगून ठेवलं. तवापासून पेडगावात पाचट पेटलं न्हाई.

सामने झाले. आभाळ निव्वळ धुतल्यावानी होतं. आपल्या पोरी शेवटच्या डावात जितल्या. सगळ्यात जोरात कोण वरडत होतं म्हणशील, तर सिताराम. त्याची नात पळत होती. पळणाऱ्या पोरींत एकसुद्धा खोकली न्हाई.

तू तिकडं, आमी हिकडं, पण औंदा दोघी जितलो. लोभ कमी पडू देऊ नको.
तुझी आई, पार्वती