मालनने दिवाळीत कुठे असावं, याबाबत

मी, गंगाराम बाबल्या शिवलकर, वय एक्काहत्तर, धंदा पूर्वी जहाजावर भंडारी, हल्ली घरच्या घरी भंडारी, राहणार मौजे बसणी, तालुका जिल्हा रत्नागिरी, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय व्हावं ते माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून फसवलेलं नाही. फक्त बूड एका जागी ठरत नाही, आणि त्यावर डॉक्टरांकडे औषध नाही. लिहायला बसलो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पुरं होतंय धनत्रयोदशीला. मध्ये कितीदा उठलो त्याला गणती नाही. कधी आभाळ भरून आलं म्हणून, कधी कढईतलं तेल तापलं म्हणून, कधी उगीचच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि हा कागद उघडाल तेव्हा तीही गेलेली असेल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, जहाजावर खलाशांचा स्वयंपाक करणाऱ्याला भंडारी म्हणतात. कप्तान आजारी पडला तरी जहाज चालतं. भंडारी पडला तर बघा काय होतं ते.

कलम एक. मिळकत. बसणीतलं चिऱ्याचं घर, पुढचं अंगण तुळशीसह, परसातले माड, भाताची दोन खाचरं, आणि स्वयंपाकाची भांडी. बँकेतलं जे काय असेल ते मालनचं, त्यात कोणी नाक खुपसू नये. मालन म्हणजे माझी बायको.

कलम दोन. आभार. वकील म्हणाले, मृत्युपत्रात असं कलम नसतं. म्हटलं, नसेल तर घाला, मरणार मी आहे.

नोकरीत होतो तोवर आश्विन महिना मी पाण्यावर काढला. सुट्टी मिळायची ती भर पावसात नाहीतर मे महिन्यात, दिवाळीला कधीच नाही. पाऊस गेल्यावर आपला मुलूख कसा दिसतो हे मला घरी बसल्यावर कळलं. दुपारी डोकं तापतं, अंगाला घामाच्या धारा लागतात, लोक ऑक्टोबरच्या नावाने शिमगा करतात. अरे, पण पहाटे उठून बघा की! दोडक्याच्या मांडवावर दव असतं, सड्याच्या माळावरचं गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, कापलेल्या भाताचा वास पार पडवीत येतो. दाराला नवं बांधलेलं असतं, नव्या भाताच्या लोंब्या आणि आंब्याची पानं. एकीकडे पाऊस सरला म्हणून बरं वाटतं, दुसरीकडे परतीचा येईल आणि कापून ठेवलेलं भात भिजवील म्हणून जीव टांगणीला. हा महिना मला फार आवडतो, कारण तोही माझ्यासारखाच, एका जागी बसत नाही.

आणि नव्या भाताचे पोहे. नरकचतुर्दशीला पहाटेची आंघोळ झाली की आमच्याकडे गुळाचे पोहे, ताकातले पोहे, दडपे पोहे, फोडणीचे पोहे, जोडीला काळ्या वाटाण्याची उसळ. वाडीतली माणसं एकमेकांच्या घरी पोहे खायला जातात. मी जहाजावरही दिवाळीला पोहे करायचो. बोट हलायची, म्हणून ताटं घसरू नयेत यासाठी खाली ओलं फडकं घालायचो. ते पोहे दुकानातल्या पुड्यातले. पण खलाशी ताटं चाटूनपुसून खायचे. माझ्या डोळ्यांपुढे हेच दार यायचं, दारात पणती आणि पणतीपाशी मालन. त्या पणतीवर मी नोकरी काढली. म्हणून देवाचे आभार, आणि देवापेक्षा जास्त मालनचे. देवाने महिना दिला, घर तिने राखलं.

कलम तीन. घर. आमचा चिरंजीव विनीत डोंबिवलीला असतो. गणपतीत आला तेव्हा म्हणाला, "बाबा, तुमच्यामागे आई एकटी इथे काय करील? घर होमस्टेला देऊ या." त्याची बायको श्रद्धा शहाणी, ती मोदक वाढत राहिली. मी मात्र ताटातला मोदक तसाच टाकून उठलो. माझ्या पणतीच्या जागी पाहुण्यांच्या चपला? तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही, आणि हे मृत्युपत्र मी त्याचसाठी करतो आहे.

सबब, माझ्यामागे हे घर मालनचं. अट अशी की ती हयात असेतोवर तिने याच घरात राहावं. दिवाळीच्या दिवसांत घराला कुलूप लागता कामा नये. पहाटेची पणती तिनेच लावावी आणि पोहे याच घरात व्हावेत. घर विकू नये, भाड्याने देऊ नये, पैसे घेऊन पाहुणे ठेवू नयेत. अट मोडली तर घर गावच्या देवस्थानाला जाईल.

कलम चार. रघू. रघू माझा धाकटा चुलतभाऊ, शेजारच्याच घरात राहतो. नरकचतुर्दशीला आंघोळीनंतर तुळशीपुढे कारीट फोडतात. कारीट म्हणजे लिंबाएवढं कडू फळ, ते डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडायचं आणि "गोविंदा, गोविंदा" म्हणून ओरडायचं. नरकासुर मेला. हे काम घरच्या पुरुषाचं. मी नसायचो, म्हणून इतकी वर्षं आमच्या अंगणातलं कारीट रघूने फोडलं. उपकारच केले, नाही म्हणत नाही. पण मी कायमचा घरी आलो त्या पहिल्या दिवाळीत काय झालं? मी न्हाणीत, मालन पाठीला उटणं लावतेय, आणि बाहेरून आवाज, "गोविंदा, गोविंदा!" रघूने सवयीने येऊन माझं कारीट फोडलेलं. तसाच उघडा बाहेर आलो. म्हटलं, "मेल्या, मी जिवंत आहे अजून!" तो म्हणाला, "दादा, पायाला सवय, चुकून झालं." असली कसली पायाची सवय! त्या दिवसापासून आमचं बोलणं नाही. दोन्ही घरांतून पोह्यांची आणि उसळीची भांडी जातात-येतात, रिकामी कोणी पाठवत नाही, पण माणसं जात नाहीत.

तरी रघूला माझ्या मिळकतीतलं काहीही मिळू नये, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याने माझ्या अंगणात पाय ठेवू नये, मी असलो तरी आणि नसलो तरी.

कलम पाच. भांडी. पितळी सोऱ्या श्रद्धाला. चकलीला काटा येत नसेल तर सोऱ्याला दोष देऊ नये, भाजणी बघावी. मोठं पातेलं आणि झारे वाडीला, कोणाच्याही कार्याला मागून न्यावेत आणि घासून परत ठेवावेत. मी निवृत्त होऊन आलो तेव्हा एका चुलीपाशी दोन भंडारी झाले होते, रोज खटके उडायचे. एक दिवस मालनने झारा माझ्या हातात दिला आणि पडवीत जाऊन बसली. मला वाटलं, मी जिंकलो.

इथवर लिहिलं आणि वाटलं, चला, सुटलो. आता कलम तीन मालनच्या कानावर घालावं. पुढे जे झालं ते वकिलांनी गाळायला सांगितलं होतं. मी गाळत नाही.

कलम सहा. मालनचं म्हणणं. ती सुपात काळे वाटाणे निवडत होती. मी कडबोळी तळता तळता तिला वाचून दाखवलं. मनात म्हटलं, आता पदर डोळ्यांना लावील. तिने वाटाण्यातला एक खडा काढला, बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मला विचारलाव काय?"

"अगो, तुझ्याच नावावर घर करतोय ना!"

"घर माझ्या नावावर आणि मी घराच्या नावावर. असंच ना?"

मी म्हटलं, ती पणती, ते दार, मी बोटीवर असताना... तिने मला पुरतं बोलूच दिलं नाही.

"पणती तुम्ही आठवत होताव, तेल मी घालीत होती. तुम्ही बोटीवर, मी वाट बघत राहिली. चाललं ते, पोटापाण्याचं होतं. आता तुम्ही गेल्यावर पण मी पणती लावून दारात बसायची ती कोणाची वाट बघायला हो?"

मी झाऱ्याने कडबोळी उलटली. तेल तापत होतं.

"मुरुडला माझा भाऊ आहे, बाळा," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून एकाही भाऊबिजेला मी त्याच्या घरी जेवलेली नाही. का, तर दिवाळीत घराला कुलूप लागता नये. बाळाच बिचारा दापोलीवरून गाड्या बदलत यायचा, ओवाळून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत. आता त्याच्या गुडघ्यांना जमत नाही. गेल्या वर्षी मोबाईल पाटावर ठेवून ओवाळला मी. कुंकू काय मोबाईलला लावायचं?"

गेल्या वर्षी ते मी बघितलं होतं. आत पोहे परतत होतो आणि तिला म्हटलंही होतं की बघ, किती सोय झाली!

"मला दोन दिवाळ्या तरी मुरुडला करायच्या आहेत, बाळा आहे तोवर. मग वाटलं तर विनीतकडे जाईन, वाटलं तर इथे येईन. आणि होमस्टेचं म्हणाल तर मला चालेल. घरात माणसं येतील, बोलायला होतील."

"आणि स्वयंपाकघर? ते तर तू मला आपणहून दिलंस!"

"मला कंटाळा आलेला, म्हणून दिलं."

तो सगळा घाणा काळा झाला. कडबोळी कावळ्यांनीही खाल्ली नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि माझ्यासारख्या जगभर फिरलेल्या माणसाला तो स्वतःच्या चुलीपाशी दिसू नये? मला राग आला, तिचा आला की माझा ते अजून ठरत नाही. दोन दिवस मी खाचराच्या बांधावरून नुसता येरझाऱ्या घालत होतो. परतीचा पाऊस एक सर टाकून गेला, भात वाचलं. मला तिच्याशी भांडायचं होतं आणि मुद्दा एकही सापडत नव्हता. मी सगळी बंदरं बघितली, आणि ही बाई जवळच्या हातखंब्याच्या पुढे एकटीने कधी गेली नाही. मी पणतीचे आभार मानत होतो, आणि आभार मानता मानता तिला त्याच पणतीला बांधून ठेवत होतो.

कलम सात. कलम तीनमधल्या अटी रद्द. खोडत नाही, वाचणाऱ्याला कळू दे मी काय करायला निघालो होतो. दोन कलमं एकमेकांविरुद्ध गेली तर शेवटचं खरं धरतात असं वकील म्हणाले, तेव्हा हे खरं. घर मालनचं, विनाअट. राहावं, कुलूप लावावं, पाहुणे ठेवावेत, विकावं, तिची मर्जी. विनीतने आधी आईला विचारावं, मग मला, मी असलो तर. देवस्थानाने घराची आशा धरू नये.

कलम आठ. साक्षीदार. ज्याला या कागदातून काही मिळत नाही असा माणूस साक्षीदार बरा, असं वकिलांनी सांगितलं. सगळ्या वाडीत असा माणूस शोधला तर पहिला निघाला रघू! त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो भारा बांधत होता, हातातला दोर तसाच राहिला.

"दादा? आत या की."

"आत नको. सही हवी आहे. तुझी वहिनी मुरुडला चालली आहे, तिच्यापायी कागद बदलला."

"दिवाळीत? मग पणती कोण लावणार?"

"मी."

"आणि पोहे?"

"मीच."

त्याने दोराला गाठ मारली. बराच वेळ मारत होता. मग खाली बघत म्हणाला, "आणि कारीट?"

मी "बघू" म्हणालो आणि परत आलो. आता लिहून देतो. त्या पहाटे मी चुलीपाशी अडकलेला असणार, पोहे आणि उसळ एकट्याने पुरवायची म्हणजे खेळ नव्हे. सबब, आमच्या अंगणातलं कारीट रघूने फोडावं, यंदा आणि पुढेही. ओरडताना मोठ्याने ओरडावं, मला आत ऐकू आलं पाहिजे. नंतर त्याने पोहे खाल्ल्याशिवाय जाऊ नये. हा हक्क मिळकतीत धरू नये, म्हणजे त्याची साक्ष बाद होणार नाही. कलम चार मात्र तसंच ठेवतो. चूक त्याचीच होती.

कलम नऊ. बॅग. माझी जहाजावरची चामड्याची बॅग मालनला. बिजागऱ्यांना तेल घातलं आहे, पट्टा नवा लावला आहे. आत कडबोळ्यांचा डबा आहे, चांगल्या घाण्यातला, तो बाळाचा. हे कलम माझ्या मरणासाठी थांबणार नाही, ते आजपासूनच लागू आहे. उद्या पहाटे मालन रत्नागिरीहून दापोलीची गाडी धरते आहे. बॅग उचलून बघितली तिने, म्हणाली, "जड आहे हो." म्हटलं, असतेच. स्टॅंडपर्यंत मी नेऊन देईन, पुढे तिची ती.

परत कधी येणार हे मी विचारलेलं नाही. पणती मी लावीन आणि दारात बसून बघीन किती वेळ बसवतं ते. वाट बघायची कशी, हे या घरात एकाच माणसाला येत होतं. आता मी शिकतो.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि मालनला मोठ्याने वाचून दाखवला. या वेळी तिने वाटाणे बाजूला ठेवून ऐकलं.

ठिकाण: बसणी, रत्नागिरी
दिनांक: १८ ऑक्टोबर २०२५, धनत्रयोदशी

(सही) गंगाराम बाबल्या शिवलकर

आमच्यासमक्ष सही झाली:

१. (सही) ओमकार विश्राम मयेकर, बसणी

२. (सही) रघू तुकाराम शिवलकर, बसणी. कलम चार वाचलं, मान्य नाही. पहाटे येतो.